गुडमारला परीक्षेला बसू द्या

मधुमेहावर झाडपाल्याचा उपयोग होतो की नाही, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे आणि दरवेळी तो त्याच दोन टोकांवर अडतो. एक पक्ष म्हणतो, हे सगळे ग्रंथांत सांगून ठेवलेले आहे, साइड इफेक्ट नाहीत, तीन महिन्यांत गोळ्या बंद. दुसरा म्हणतो, थोतांड आहे, पुरावा शून्य, विषय संपला. २०२४ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजले, तेव्हा हे दोन तट आणखी पक्के झाले. औषधाबद्दल बोलायचे सोडून लोक देशाभिमानाबद्दल आणि औषध कंपन्यांच्या कारस्थानांबद्दल बोलू लागले. माझ्या मते दोन्ही बाजू एकाच गोष्टीपासून पळत आहेत. रक्तातली साखर उतरवणारी द्रव्ये वनस्पतींत आहेत, यात शंका घेण्यासारखे काही नाही. आणि ती आहेत म्हणूनच वनस्पतींच्या अर्काला औषधाचे सगळे नियम लागले पाहिजेत: ठरलेली मात्रा, माणसांवरची नीट चाचणी, दुष्परिणामांची नोंद, जाहिरातीला लगाम. ज्याचा परिणाम होतो त्याचा अपायही होऊ शकतो. अपाय होणारच नाही असे जो छातीठोकपणे सांगतो, तो नकळत परिणामही होत नाही असेच सांगत असतो.

हा प्रश्न किती घरांचा आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे तिथे दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त. इतक्या घरांत कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण, रात्री भिजवलेल्या मेथ्या, गुडमार ऊर्फ बेडकीचा पाला यांपैकी काहीतरी चालूच असते. लोकांनी ते केव्हाच सुरू केलेले आहे. ते आंधळेपणाने चालावे की डोळसपणाने, एवढेच आपल्या हातात उरले आहे.

झाडपाल्याच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आधी मान्य करतो. आज जगभर मधुमेहाच्या उपचारात बहुधा पहिली लिहून दिली जाणारी गोळी, मेटफॉर्मिन, हिचे मूळ एका झुडपात आहे. गलेगा नावाचे हे जांभळट फुलांचे रोप युरोपातल्या लोकवैद्यकात वापरले जाई. त्यात ग्वानिडीन वर्गातली द्रव्ये सापडली आणि ग्वानिडीनने जनावरांच्या रक्तातली साखर उतरते, हे १९१८ मध्ये दिसून आले. तेव्हा ‘झाडापासून कधी मधुमेहाचे औषध झाले आहे का?’ असे विचारणाऱ्याला आपलीच सकाळची गोळी दाखवता येते. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळे काढलेले फ्लोरिझिन हे तर आजच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचे पूर्वज. लघवीवाटे साखर बाहेर टाकायची ही युक्ती माणसाने त्या सालीकडूनच घेतली.

पण मेटफॉर्मिनची ही गोष्ट आपल्याकडे नेहमी अर्धीच सांगितली जाते. उरलेला अर्धा भाग असा की गलेगा हे जनावरांना विषारी ठरणारे झुडूप आहे. त्यातले गॅलेजिन हे द्रव्य १९२०च्या दशकात रुग्णांना देऊन पाहिले, पण उपयोगापेक्षा त्रास जास्त होता. त्याच कुळातले सिंथॅलिन बाजारात आले आणि यकृत व मूत्रपिंडाला इजा करते म्हणून सोडून द्यावे लागले. मेटफॉर्मिन १९२२ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते, पण त्याच सुमारास इन्सुलिन आले आणि ते बाजूला पडले. १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहाच्या रुग्णांवर वापरून निष्कर्ष मांडले. त्याचे भावंड फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साचवते असे दिसले आणि १९७०च्या दशकाअखेर ते अनेक देशांतून हद्दपार झाले. अमेरिकेने मेटफॉर्मिनला परवानगी दिली ती १९९४ मध्ये. १९७७ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल १९९८ मध्ये आले, आणि वजन जास्त असलेल्या रुग्णांत मेटफॉर्मिनने मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते असे दिसले, तेव्हा कुठे या गोळीला आजचे स्थान मिळाले. झुडपापासून या पुराव्यापर्यंतच्या प्रवासात त्याच्या किती नातलगांना वाटेत टाकून द्यावे लागले, ते पाहा. मेटफॉर्मिनचे उदाहरण देऊन कुणी ‘म्हणून आमचे चूर्ण घ्या’ म्हणत असेल, तर त्या चूर्णाने यातला कोणता टप्पा ओलांडला आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

हा मार्ग परक्यांचा, आपला नाही, असेही म्हटले जाते. सर्पगंधेचा इतिहास त्याला उत्तर देतो, आणि त्याचा एक मोठा अध्याय मुंबईत घडला. वेड आणि सर्पदंश यांवर आपल्याकडे परंपरेने वापरली जाणारी ही मुळी. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी १९३१ च्या सुमारास तिच्यातून द्रव्ये वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असे नोंदवले. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर वापर केला, मोजमाप ठेवले आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख लिहिला. तोवर जगाला ठाऊक नसलेले हे औषध त्यानंतर काही वर्षांत सगळीकडे पोहोचले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रेसर्पीन वेगळे झाले. आणि मग काय झाले? वापर वाढला तसे काही रुग्णांना गंभीर नैराश्य येते, असे अहवाल येऊ लागले. अधिक सुरक्षित औषधे आली आणि रेसर्पीन मागे पडले. यात सर्पगंधेचा अपमान कुठे झाला? आपली मुळी जगाच्या वैद्यकात गेली, तिने रक्तदाबावर गोळीने उपचार करता येतो हे दाखवले आणि तिची मर्यादाही मोजली गेली. डॉ. वकील यांनी केले तेवढे मधुमेहावरच्या आपल्या वनस्पतींसाठी कोणी चिकाटीने केले असते, तर आज व्हॉट्सॲपवर वाद घालायची वेळ आली नसती.

आता आपल्याच वनस्पतींकडे वळू. मेथीवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत काम झाले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजक्या रुग्णांना रोज १०० ग्रॅम मेथीपूड, तीही तेल काढलेली, दोन जेवणांतल्या पोळ्यांत विभागून दिली गेली आणि साखर स्पष्ट उतरली. हे रुग्ण इन्सुलिनवर होते आणि इन्सुलिन चालूच होते. मेथीतला विरघळणारा चोथा आतड्यात साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतो, त्यामुळे हा परिणाम पटण्यासारखा आहे. पण १०० ग्रॅम म्हणजे किती, हे स्वयंपाकघरात एकदा मोजून पाहावे. आपण रात्री भिजवतो त्या चमचाभर मेथ्यांचे वजन पाचेक ग्रॅम भरते. नंतरच्या अभ्यासांत २५ आणि १० ग्रॅमही वापरले गेले, म्हणून चमचाभर मेथ्या अगदीच वाया जातात असे मी म्हणणार नाही. मात्र १०० ग्रॅमचा निष्कर्ष पाच ग्रॅमच्या तोंडी घालणे ही फसवणूक आहे, आणि ती सर्रास होते.

गुडमार, म्हणजे आपला बेडकीचा पाला, याच्याइतकी मन वेधून घेणारी वनस्पती दुसरी नाही. हिरवे पान नीट चावून खाल्ले आणि लगेच चिमूटभर साखर जिभेवर ठेवली, तर वाळू चघळल्यासारखे वाटते. गोडाची चवच लागत नाही, आणि हे बराच वेळ टिकते. कोणीही करून पाहावे. पानातली आम्ले जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा काही काळ अडवतात, असे त्याचे कारण. हा अनुभव इतका थेट आहे की ‘जिभेवरची साखर मारतो तो रक्तातलीही मारणारच’ असे मनाने घेतले नाही तरच नवल. पण जीभ वेगळी आणि इन्सुलिन बनवणारे स्वादुपिंड वेगळे. मद्रासमध्ये १९९० च्या सुमारास झालेल्या कामात २२ रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर या पानांचा अर्क, रोज ४०० मिलिग्रॅम, १८ ते २० महिने दिला गेला. साखर सुधारली आणि पाच जणांना गोळ्या थांबवता आल्या. ही बातमी आशादायक आहे. पण कोणत्या रुग्णाला अर्क द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते आणि तुलनेसाठी दिसायला सारखी नकली गोळी नव्हती. इतके महिने देखरेखीखाली असलेल्या रुग्णाचे खाणेपिणे आपोआप सुधारते. मग श्रेय पानाचे किती आणि पथ्याचे किती?

विजयसार, म्हणजे आपला बिबळा, याच्या लाकडाचे पेले प्रदर्शनांत मांडलेले असतात. रात्री पाणी भरून ठेवले की सकाळी ते तांबूस होते आणि उजेडात धरले तर निळसर झाक मारते. आयसीएमआरने याच्या अर्काची चार केंद्रांवर चाचणी केली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष दिला: १२ आठवड्यांत ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर नियंत्रणात आली. सरकारी संस्थेने केलेले हे काम पेले विकणारे कधी नीट सांगत नाहीत, कारण नीट सांगितले तर दोन गोष्टी उघड होतात. रुग्ण निवडलेले होते, अर्काची मात्रा ठरवून वाढवलेली होती आणि त्यात नकली गोळीशी तुलना नव्हती, ही एक. पेल्यातल्या पाण्यात अर्क किती उतरला हे कोणीच मोजत नाही आणि महिन्याभराने तोच पेला किती फिका पडतो हेही नाही, ही दुसरी. कारल्याबाबत कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये सगळ्या योग्य चाचण्या गोळा केल्या तेव्हा हाती लागल्या चार, रुग्ण ४७९, आणि निष्कर्ष निघाला की शिफारस करण्याइतका पुरावा नाही. थायलंडमधल्या एका चाचणीत रोज दोन ग्रॅम कारल्याने साखर थोडी उतरली खरी, पण मेटफॉर्मिनइतकी नाही.

हे आकडे पाहून दोन्ही पक्षांना माझी विनंती आहे. ‘पुरावा शून्य’ म्हणणाऱ्यांनी आयसीएमआरचे ६७ रुग्ण आणि मद्रासचे पाच रुग्ण यांकडे पाहावे. तिथे काहीतरी आहे. ‘सिद्ध झाले आहे’ म्हणणाऱ्यांनी हे पाहावे की मधुमेहावर उपचार करायचा तो ग्लुकोमीटरवरचा आकडा सुंदर दिसावा म्हणून नाही. डोळ्याचा पडदा, किडनी, पायाची बोटे आणि हृदय वाचावे म्हणून करायचा. साखर नियंत्रणात ठेवल्याने डोळे आणि किडनीचे नुकसान कमी होते, हे ब्रिटनच्या त्या अभ्यासाने वर्षानुवर्षे रुग्णांचा पाठपुरावा करून दाखवले. कोणत्याही वनस्पतीच्या अर्कावर असा दीर्घ अभ्यास झालेला नाही. बारा आठवड्यांच्या साखरेवरून वीस वर्षांच्या किडनीची हमी कशी देणार?

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो विचारी वैद्यांकडून येतो. ते म्हणतात, आयुर्वेद एका रोगाला एक गोळी देत नाही. प्रकृती, दोष, अग्नी, वय पाहून दोन मधुमेह्यांना दोन वेगळी औषधे देतो. सगळ्यांना एकच कॅप्सूल देऊन घेतलेल्या चाचणीत आयुर्वेद नापास झाला तर दोष चाचणीचा. हा आक्षेप मला पटतो. पण त्यातून चाचणीच नको, असा अर्थ निघत नाही. कोइम्बतूरमध्ये संधिवातावर झालेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वैद्य प्रत्येक रुग्णासाठी त्याच्या प्रकृतीनुसार आयुर्वेदिक औषधे निवडत होते, दुसऱ्या गटाला मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे आधुनिक औषध मिळत होते आणि कोणाला खरे काय व नकली काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यालाही नाही. रुग्ण ४३ च होते, त्यामुळे त्यातून मोठा निकाल काढता येत नाही. पण वैद्याचे स्वातंत्र्य राखूनही काटेकोर चाचणी करता येते, हे तिथे सिद्ध झाले. मधुमेहात तर हे आणखी सोपे आहे, कारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी वैद्याचीही बाजू घेत नाही आणि डॉक्टरचीही नाही.

शिवाय ज्या ग्रंथांच्या नावाने बाटल्या विकल्या जातात ते ग्रंथ काय म्हणतात? चरकाने प्रमेहाची (वारंवार, गढूळ लघवी होण्याच्या विकारांची) कारणे सांगताना सुरुवातच केली आहे ती ‘आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि’ अशी: बसून राहण्याचे सुख, झोपण्याचे सुख, दही, पुढे नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ. वीस प्रमेहांपैकी वातज प्रमेह, ज्यांत मधुमेह येतो, त्याने असाध्य ठरवले. जाड, बलवान रुग्ण आणि कृश, दुबळा रुग्ण यांचा उपचार वेगळा असला पाहिजे, हेही त्याने सांगितले. आज आपण टाइप-टू (बहुधा प्रौढांचा) आणि टाइप-वन (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही तो) म्हणतो त्या फरकाची आठवण व्हावी इतके हे निरीक्षण बारीक आहे. सुश्रुताने तर निर्धन प्रमेह्याला अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षा मागत शंभर योजने चालायला सांगितले आणि विहीर खणण्यासारखे कष्टाचे उपाय सुचवले. जव हे प्रमेह्याचे मुख्य धान्य. म्हणजे आयुर्वेदाने पहिला मान दिला चालण्याला आणि ताटाला. ‘पथ्य नको, रोज दोन कॅप्सूल, मधुमेह मुळापासून बरा’ ही जाहिरात ॲलोपॅथीच्या विरोधात असेल नसेल, चरकाच्या विरोधात नक्कीच आहे. या गोष्टीचा राग सर्वांत आधी वैद्यांना यायला हवा.

दुसरा आक्षेप असा की आधुनिक औषधे तरी कुठे निर्मळ आहेत? ट्रोग्लिटाझोनने यकृते निकामी केली, ते २००० मध्ये अमेरिकेतून मागे घ्यावे लागले. रोसिग्लिटाझोनवर हृदयविकाराच्या शंकेने २०१० मध्ये भारतात बंदी आली. कंपन्यांनी नफ्यासाठी माहिती दाबल्याची उदाहरणे आहेत. हे सगळे खरे आहे आणि त्याचा राग योग्य आहे. पण ही नावे आपल्याला कशी कळली? दुष्परिणामांची नोंद झाली, चाचण्यांचे आकडे कोणीतरी पुन्हा तपासले, नियामकाला निर्णय घ्यावा लागला. जांभळाच्या चूर्णाने आजवर कोणाचे यकृत बिघडले नाही असे आपण म्हणतो, तेव्हा बिघडले असते तर ते नोंदवायला कोण बसले होते, हा प्रश्न शिल्लक राहतो. नोंदच नसेल तर निर्दोष म्हणायचे कशाच्या आधारावर?

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समज किती महाग पडतो, त्याचे उदाहरण गुळवेलीचे आहे, आणि तेही मुंबईचेच. याच शहरात, केईएममध्ये, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर आदराने आणि शिस्तीने संशोधन केले. कावीळ असताना शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या रुग्णांत तिचा उपयोग तपासला. पुढे करोनाच्या काळात लोक ती घरोघरी, मनाला येईल तितकी, महिनोन्महिने घेऊ लागले. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी अशा सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे पाहिले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की ती वेल गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच असू शकेल. तेही शक्य आहे. पण मग पाकिटावर ‘गुळवेल’ लिहिलेले असताना आत दुसरी वेल कशी आली, हा आणखी गंभीर प्रश्न उभा राहतो. मधुमेहाच्या कितीतरी मिश्रणांत गुळवेल असतेच.

भेसळीची गोष्ट तर झाडापुरतीही उरत नाही. बॉस्टनच्या परिसरातल्या भारतीय दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हा अभ्यास २००४ चा. परदेशातल्या मुलाकडे जाताना बॅगेत चूर्णाचे डबे भरणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे. सिंगापूरमध्ये २००८ साली सुमारे दीडशे माणसे साखर अचानक उतरून रुग्णालयांत आली. पुरुषशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बेकायदा गोळ्यांत, त्यांतल्या काही ‘हर्बल’, ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध निघाले. चौघे दगावले. ‘आमच्या चूर्णाने आठ दिवसांत साखर खाली’ असे कोणी म्हणाले की मला आधी हीच आठवण होते.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि डॉक्टरांच्या वागणुकीचा आहे, आणि त्यापुढे मी मान खाली घालतो. तालुक्याच्या गावात तपासणीला जायचे तर मजुरी बुडते. नव्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च पेलत नाही. दवाखान्यात दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडते. वैद्य मात्र शेजारी बसवून काय खाता, झोप लागते का, विचारतो. माणूस ज्याने विचारपूस केली त्याच्यावर विश्वास ठेवणार, यात त्याचे काय चुकले? माझी आत्या साखरेची गोळी आणि सकाळी वाटीभर कारल्याचा रस असे दोन्ही घ्यायची. तिने ते डॉक्टरांना कधी सांगितले नाही, कारण आधी एकदा सांगितले तेव्हा ‘आजी, असले अडाणी उपाय करायचे असतील तर माझ्याकडे येऊ नका’ असे तिला ऐकावे लागले होते. मग एकदा जेवायला उशीर झाला आणि दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. शेजारच्या मुलीने साखरपाणी पाजले म्हणून निभावले. दोष रसाचा किती, गोळीचा किती आणि उशिराचा किती, ते आता सांगता येणार नाही. पण तिने डॉक्टरांना सांगितले असते तर गोळीची मात्रा पाहता आली असती, आणि ती सांगेल असे वातावरण ठेवणे हे डॉक्टरांचे काम होते. ‘दुसरे काही घेता का, काका? घेत असाल तर घेऊन या, मला बघू द्या’ एवढे वाक्य किती दवाखान्यांत उच्चारले जाते?

तरीही गरिबीचे कारण पुढे करून न तपासलेले औषध गरिबाच्या गळ्यात मारता येणार नाही. मेटफॉर्मिन ही आज अतिशय स्वस्त गोळ्यांपैकी एक आहे, आणि जाहिरातीतल्या कितीतरी ‘हर्बल’ डब्यांची किंमत तिच्या अनेक पट आहे. आणि एका जागी तर चर्चेला वावच नाही: लहान मुलांचा टाइप-वन मधुमेह. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जांभळाच्या बिया युरोपातही मधुमेहावर वापरल्या जात. त्या काळात हा आजार झालेली मुले तरीही मरत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले. तोही एक अर्कच होता, जनावराच्या स्वादुपिंडाचा. पहिला अर्क अशुद्ध होता, त्याचा पुरेसा उपयोग झाला नाही, उलट गळू झाले. डॉक्टर थांबले, जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा दिला आणि मुलगा सावरला. ‘नैसर्गिक आहे, देत राहा’ असे तिथे कोणी म्हणाले असते तर? आज एखाद्या मुलाचे इन्सुलिन बंद करून त्याला चूर्ण द्यायला सांगणारा माणूस, त्याच्या अंगावर कोणताही पोशाख असो, त्या मुलाचा जीव घेतो आहे. इन्सुलिनशिवाय असे मूल काही दिवसांतच बेशुद्धीच्या दारात पोहोचते.

कायदा यात मुळात दुबळा नव्हता, त्याची अंमलबजावणी दुबळी राहिली आणि पुढे तोही सैल केला गेला. चमत्कारी उपायांच्या जाहिराती रोखणारा १९५४ चा कायदा मधुमेहाचे नाव घेऊन बरे करण्याच्या जाहिरातीला मनाई करतो. २०१८ मध्ये औषध नियमावलीत आलेल्या नियम १७० मुळे आयुष औषधांच्या जाहिरातीला राज्याची पूर्वपरवानगी लागू लागली. मग २०२३ मध्ये त्या नियमाखाली कारवाई करू नका, असे पत्र केंद्राकडून राज्यांना गेले आणि २०२४ मध्ये नियमच वगळण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने या वगळण्याला दिलेली स्थगितीही पुढे टिकली नाही. ग्रंथोक्त औषधाला परवाना मिळवायला माणसांवरची नवी चाचणी लागत नाही. बाजारातले अर्क मात्र ग्रंथातल्या काढ्यासारखे राहिलेले नाहीत. ते कित्येक पट घट्ट केलेले, कॅप्सूलमध्ये भरलेले, महिनोन्महिने रोज घ्यायचे असतात. घट्ट केलेल्या अर्काला काढ्याची सवलत का मिळावी?

औषध कंपन्या या चाचण्यांवर पैसे घालणार नाहीत, कारण मेथीवर पेटंट मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे. म्हणून हे काम सार्वजनिक पैशातून व्हायला हवे, आणि महाराष्ट्रात त्याची सोय तयार आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि आयुर्वेद महाविद्यालयेही. एकाच विद्यापीठाच्या दोन इमारतींनी एकमेकींकडे पाठ का फिरवावी? तीन वनस्पती घ्या: मेथी, गुडमार, विजयसार. प्रत्येकीचा अर्क एकाच पद्धतीने काढा आणि त्यात मुख्य द्रव्य किती, ते प्रत्येक बॅचवर छापा. नव्याने निदान झालेले, साखर फार चढलेली नसलेले टाइप-टूचे रुग्ण घ्या. सर्वांना सारखेच चालणे आणि सारखाच आहार द्या, मेटफॉर्मिन चालू ठेवा, आणि वरून कोणाला अर्क व कोणाला नकली गोळी हे चिठ्ठीने ठरवा. निदान एक वर्ष एचबीए१सी, यकृताच्या आणि किडनीच्या तपासण्या करत राहा, डोळ्यांचे फोटो काढून ठेवा म्हणजे पुढची दहा वर्षे त्यांची तुलना करता येईल. प्रकृतीनुसार औषध निवडणाऱ्या वैद्यांसाठी कोइम्बतूरच्या धर्तीवर वेगळा गट ठेवा. चाचणी सुरू होण्याआधी तिची सार्वजनिक नोंद करा, आणि निकाल गुडमारच्या बाजूने लागो वा विरोधात, मराठीत छापून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा.